नाण्याचे वजन

दिवाळीचा पाडवा आणि निश्चय यांचे आमच्या पुण्यात जुने सख्य आहे. अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचली, की माणसाच्या अंगात कोठूनसा पुरुषार्थ संचारतो. उद्यापासून पहाटे पर्वती. उद्यापासून चहात साखर नाही. उद्यापासून रोजचा जमाखर्च रोज. कार्तिकाच्या पहिल्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर नव्या बुटांची जी दाटी होते ती पाहण्यासारखी असते. तुळशीची लग्ने लागेपर्यंत ती विरळ होते, आणि मार्गशीर्ष उजाडला की पुन्हा तीच जुनी, वर्षानुवर्षे येणारी मंडळी तेवढी उरतात. गंमत अशी की, ‘एवढा निग्रह आणता कोठून?’ असे या जुन्या मंडळींना विचारले तर ती गोंधळतात. एकाला आज सिंहगड स्वच्छ दिसतो की धुक्यात आहे ते पाहायचे असते. दुसऱ्याला कोणता पक्षी आला, कोणता गेला, याची नोंद ठेवायची असते. निग्रह हा शब्द त्यांच्या हिशेबातच नसतो.

मी पेशाने शाळामास्तर, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत माणसे आपापल्या ध्येयाकडे कशी जातात हे पाहणे ओघाने येते. म्हणून या दिवाळीला इतिहासातील एक जुने प्रकरण वाचकांपुढे मांडावे असे मनात आहे. त्यातील माणसे तीन, आणि तिघांचाही फर्ग्युसन महाविद्यालयाशी व तेथील गणिताशी संबंध आलेला. एक तेथे शिकवून गेले, एक शिकून गेले, आणि तिसरे शिकवता शिकवता भलत्याच वाटेला लागले. त्या तिसऱ्यांची हकीकत मुख्य आहे. परंतु आरंभ पहिल्यापासून केला पाहिजे.

१८७५ साल. कोकणातील मुरुडचा एक ठेंगणा, लाजाळू मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. ही सरकारी परीक्षा उतरली म्हणजे नोकरीचा दरवाजा उघडायचा. हाती दिवस थोडे, पावसाळा अजून सरलेला नाही. मुलगा सोबत्यांबरोबर पायीच निघाला. कुंभार्ली घाट चढून, चिखल तुडवून, शंभरावर मैल चालून तो साताऱ्याला वेळेवर पोचला. परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि सांगितले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, याला बसता येणार नाही. मुलाला सतरा पुरी झालेली होती. अंगकाठीने दगा दिला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. साताऱ्याची ही पायपीट महाराष्ट्रातील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. मीही वर्गात सांगतो, आणि सांगताना अंगावर काटा येतो. तरी या गोष्टीतला एक तपशील मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. त्या शंभर मैलांत घाट होता, नद्या होत्या, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात उतरणारी गावे होती. पण गोष्टीत रस्ता म्हणजे केवळ अंतर आहे. सगळी किंमत शेवटच्या दारावर ठेवलेली. ते दार एका माणसाच्या नजरेने बंद झाले, तेव्हा चाललेल्या मैलांचे हाती काही उरले नाही. कर्वे मोडले नाहीत, कारण ते कर्वे होते. पण सगळी मुले कर्वे नसतात. दहावीच्या वर्षी टेबलासमोरच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवून बसणारी आणि चाचणीतील गुण पाहून ते फाडणारी मुले मी दरवर्षी पाहतो, आणि त्यांना साताऱ्याचीच गोष्ट पुन्हा सांगावी की काय, असा प्रश्न पडतो.

कर्वे फर्ग्युसनमधून १९१४ साली निवृत्त झाले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३३ साली, तेथे गणित शिकवायला एक पंचविशीतला तरुण आला. उंच, देखणा, तोंडाने फटकळ. लहानपणी वडिलांबरोबर अमेरिकेला गेलेला, हार्वर्डचा पदवीधर, आणि १९२९ साली हिंदुस्थानात परतून काशी व अलीगढ येथे शिकवून आलेला. दामोदर धर्मानंद कोसंबी.

वडिलांविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. धर्मानंद कोसंबी गोव्यातील एका खेड्यात नारळाच्या बागेत दिवस काढीत होते. शाळा फारशी झालेली नव्हती. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांना बुद्धाचे चरित्र वाचायला मिळाले, आणि हा मनुष्य कोण होता हे नीट कळले पाहिजे या एका ओढीने ते १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी त्यांची वणवण झाली. आणि एका मासिकाच्या पानापासून निघालेला हा मनुष्य पाली भाषेचा पंडित होऊन हार्वर्डला पोचला. मासिके चालवणाऱ्यांनी ही हकीकत अधूनमधून आठवावी. आपण छापलेले पान कोणत्या बागेत जाऊन पडेल, सांगता येत नाही.

चिरंजीवांना मात्र वडिलांच्या विषयात गोडी नव्हती. त्यांचे प्रेम शुद्ध गणितावर. संस्कृत बेताचे, इतिहासाशी संबंध नाही. पुढे भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलून टाकणारा ग्रंथ हे लिहिणार आहेत, असे १९३३ साली कोणी भविष्य वर्तवले असते तर त्यांनीच त्याला हसून वाटेला लावले असते. आणि येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. कोसंबींनी इतिहासकार होण्याचा निश्चय कधीच केला नाही.

झाले ते असे. गणितातील संख्याशास्त्र ही शाखा त्यांना शिकायची होती. पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घोकण्याऐवजी त्यांनी एखादा खराखुरा प्रश्न हाती घ्यायचे ठरवले. प्रश्न सोडवता सोडवता शास्त्र आपोआप अंगवळणी पडेल, असा हिशेब. अशा प्रश्नांच्या शोधात त्यांच्यापुढे जुनी चांदीची नाणी आली. आपल्याकडची सर्वांत जुनी ही नाणी वाचकांनी एखाद्या संग्रहालयात पाहिली असतील. चांदीच्या पत्र्याचे ओबडधोबड तुकडे, त्यांवर ठशांनी उठवलेल्या खुणा: सूर्य, डोंगर, झाड, बैल. राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. यांना आहत नाणी म्हणतात. ही कोणाची, कोणती आधीची, कोणती नंतरची, यावर विद्वानांचे वाद चालू होते, आणि बहुतेक वाद खुणांचा अर्थ लावण्याचे होते. हा सूर्य म्हणजे अमुक वंश, तो डोंगर म्हणजे तमुक राजा.

कोसंबींना खुणांचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वजन करता येत होते.

त्यांचा प्रश्न अगदी पोरकट वाटावा असा होता: नाणे हातोहाती फिरले की झिजते, मग किती फिरले की किती झिजते? आपल्या खिशातल्या नाण्यांचेही तेच होते. म्हणून त्यांनी आधी चालू जमान्यातील नाणी घेतली. त्यांवर साल छापलेले असते, तेव्हा कोणते नाणे किती वर्षे फिरले ते कळते. अशी हजारो नाणी त्यांनी काट्यावर एकेक करून तोलली. झीज होते, आणि ती नियमाने होते, हे ताडून पाहिले. मग मोर्चा जुन्या नाण्यांकडे वळवला. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली आहत नाण्यांचा एक मोठा साठा निघाला होता. त्याच साठ्यात शिकंदराची न वापरलेली, टांकसाळीतून आल्यासारखी नाणीही होती, त्यामुळे साठा कधी पुरला गेला याचा अंदाज बांधता येत होता.

या नाण्यांच्या पाठीवर बारीक बारीक खुणा असतात. काहींवर एक, काहींवर चार, काहींवर दहा. कोसंबींनी नाणी या पाठीवरच्या खुणांच्या संख्येप्रमाणे लावली आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. खुणा जसजशा वाढत गेल्या, तसतसे वजन उतरत गेले. म्हणजे या खुणा एकदाच, एका ठिकाणी मारलेल्या नव्हेत. नाणे बाजारात फिरत असताना सराफ, सावकार ते पारखून घेत आणि आपला ठसा उठवून पुढे सोडीत. जास्त खुणा म्हणजे जास्त फिरलेले, म्हणजे जास्त जुने नाणे. अक्षर नसलेल्या चांदीच्या तुकड्याने आपले वय सांगितले! इतिहासातील एक मुका साक्षीदार बोलता झाला. या विषयावरचे त्यांचे लेख १९४० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले.

हजारो नाणी एकेक करून तोलायची, प्रत्येकाचा आकडा लिहायचा, हे काम कोणाला वेड्यासारखे वाटेल, कोणाला तपश्चर्येसारखे. परीक्षेसाठी असे काम दिले तर आमची मुले तिसऱ्या दिवशी आजारी पडतील. मला याचे उत्तर त्या कामाच्या जातीतच दिसते. प्रत्येक नाणे काट्यावर ठेवताना पुढे काय येणार हे ठाऊक नसते. अपेक्षेपेक्षा हलके निघाले तर तो पराभव नसून बातमी असते. साताऱ्याच्या परीक्षेत ‘नाही’ हे उत्तर म्हणजे शेवट. तराजूच्या काट्यावर ‘नाही’ म्हणजे उलट कामाला खरी सुरुवात. असा मनुष्य थकत नाही असे नव्हे, पण त्याला स्वतःला रेटावे लागत नाही.

एवढ्यावर हे प्रकरण संपायला हवे होते. संख्याशास्त्र शिकून झाले. परंतु कुतूहलाला काम पुरे झाल्याचे कळत नाही. नाण्यांचा क्रम लागला, तर मग ती पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ पाहिले पाहिजेत. ग्रंथ पाहायचे तर संस्कृत धड आले पाहिजे. झाले, पुन्हा तीच युक्ती. व्याकरण पहिल्या पानापासून घोकण्याऐवजी त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते घेतली, कारण ती सुटी सुटी, लहान. शिकायला सोपी म्हणून घेतली आणि फसले! कारण दोन छापील प्रतींत श्लोक जुळेनात. एका प्रतीतला श्लोक दुसरीत नाही, क्रम भलताच. मग खरा भर्तृहरी कोणता? पोथ्या मागवा, ताडून पाहा. कोठे पाच पोथ्या, कोठे दहा, असे करता करता तीनशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती बाहेर पडली. संस्कृत शिकण्यासाठी हाती घेतलेला धडा असा ग्रंथ होऊन बसला. त्यापाठोपाठ फर्ग्युसनमधील त्यांचे सहकारी, बौद्ध विद्येचे पंडित वा. वि. गोखले, यांच्यासह विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’चे संपादन झाले, ते १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाले. संस्कृतचे जन्मभर अध्यापन केलेल्या पंडितांना हेवा वाटावा असे काम, आणि करणारा गणिताचा मास्तर.

मध्यंतरी १९४५ साली त्यांची फर्ग्युसनची नोकरी सुटली होती आणि मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी त्यांना बोलावून घेतले होते. त्यांनी पुण्याचे बिऱ्हाड मोडले नाही. भांडारकर रस्त्यावरच्या घरातून सकाळी निघून डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. अशी वर्षे गेली. गाडीत पत्ते कुटणारे शेकडो होते. वाचीत, खिडकीबाहेर पाहत जाणारा हा एक. मळवलीवरून गाडी जाते तेव्हा एका अंगाला कार्ल्याचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला भाजे, लोहगड. लेणी इतकी रानात का खोदली? भिक्षूंना एकांत हवा म्हणून, हे आपले शाळेतले उत्तर. कोसंबी तेथे जाऊन कार्ल्याच्या खांबांवरचे शिलालेख पुन्हा वाचू लागले. खांबांसाठी दान देणाऱ्यांत धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे यवन निघाले. ग्रीक माणसे, आपल्या मावळात, दान देऊन खांबावर नाव कोरून घेताहेत! एकांत कसला, हे घाट उतरून बंदरांकडे जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरचे मुक्काम होते.

मग घरामागची टेकडी. तिच्यावर फिरताना त्यांना नखाएवढ्या दगडी कपच्या सापडू लागल्या. गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या, कडा मुद्दाम पाडून धारदार केलेल्या. लोखंडाचे नाव नव्हते त्या काळी माणसाने हाडात किंवा लाकडात बसवून कापायला, सोलायला वापरलेली ही पाती. पुण्यातील किती सभ्य गृहस्थांच्या चपलांखालून ती रोज जात असतील! कोसंबींना प्रश्न पडला, ही येथेच का? त्याच उंचीवर, त्याच वाटांवर पुढे पुढे का? त्या वाटांच्या कडेला शेंदूर फासलेले दगड होते. म्हातोबा, तुकाई, कोणी नावाचीही नसलेली एखादी ‘आई’. गुराढोरांमागे हिंडणाऱ्या लोकांच्या वाटा आणि देवांच्या जागा एकमेकींशी जुळत होत्या. गावाबाहेर, तिठ्यावर बसलेल्या देवीला गावात का घेतले नाही, याचे उत्तर पोथीत नव्हते. ती गाव वसण्याच्या आधीपासून तेथे होती.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती बारशाची गोष्ट, आणि दिवाळीला घर भरलेले असताना ती मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालताना बायका वरवंट्याला कुंची-टोपडे घालतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत तो पाळण्याभोवती फिरवतात. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. हे का, असे मात्र कोणी विचारले नाही. कोसंबींनी विचारले. कोणत्याही धर्मग्रंथात या विधीला आधार नाही, भटजीला यात काम नाही, बायकाच तो करतात. दळण्यासाठी जाते येण्याच्या फार आधीपासून माणूस धान्य पाट्यावर रगडीत आला आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या बाईच्या हातातील दगड आपल्या माजघरात अजून नव्या बाळाशेजारी निजतो आहे, आणि आपण इतिहास शोधायला पुस्तकांच्या दुकानात जातो. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांचा मार्क्सवाद पुष्कळांना मानवला नाही, आजही मानवत नाही, आणि काही निष्कर्षांवर पुढच्या संशोधकांनी हरकती घेतल्या आहेत. पण राजांच्या सनावळ्या बाजूला ठेवून पाटा, नांगर आणि तिठ्यावरचा दगड यांना साक्षीला बोलावण्याची वाट त्यांनी घालून दिली, हे विरोधकही मान्य करतात.

आता दुसरा मनुष्य, फर्ग्युसनमध्ये शिकून गेलेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९२७ साली विद्यार्थी असताना त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. बी. एस्सी. झाल्यावर पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून देवळालीच्या शाळेत मास्तर. अंकांशी खेळणे हा त्यांचा छंद. डोंबिवली स्थानकावर काही संख्या सुचल्या, तर त्या स्थानकाच्या नावावरून त्यांचे ‘डेम्लो’ असे बारसे केले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आणि १९४६ साली त्यांना ६१७४ सापडला.

हा खेळ फराळाचे ताट समोर असतानाही करून पाहता येतो. चार आकडे घ्या. सगळे एकच नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा, त्यातून लहानात लहान वजा करा. ४३२१ मधून १२३४ गेले, राहिले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० मधून ०३७८, राहिले ८३५२. पुन्हा: ८५३२ मधून २३५८, राहिले ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहणार. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तेथेच पोचाल.

एका पावसाळी दुपारी मोकळ्या तासाला मी हे फळ्यावर मांडले. ज्या मुलाला वजाबाकीतील हातचा अडतो म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडलो होतो, त्याने त्या तासात दोन पाने वजाबाक्या केल्या. मागच्या बाकावर दोघांची पैज लागली होती की सातच्या वर जाणारी संख्या सापडेल. सापडली नाही. एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, तीन आकड्यांचे काय होते?’ मी म्हटले, बघ की. तास संपायच्या आत तिने ४९५ आणून दाखवला. मग दोन आकड्यांचे केले, तर ते कोठे थांबेचना: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे गोल गोल. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा कोणी उठले नाही. वजाबाकी सुधारा असे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

एवढे झाले तरी कुतूहलाची किंमत द्यावी लागते, ती लपवणे बरे नव्हे. कापरेकरांच्या अंकांना कितीतरी गणिती पोरखेळ म्हणत. त्यांचे लेखन लहानसहान नियतकालिकांत, पुष्कळदा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिले. कोसंबींची गोष्ट अधिक कठीण. गणितातील एका जगप्रसिद्ध, कोणालाही न सुटलेल्या रीमानच्या कूटप्रश्नाला ते संख्याशास्त्राच्या वाटेने भिडले. १९५९ साली त्यांनी आपली सिद्धता शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. ती सदोष होती. गणितज्ञांनी ती मानली नाही, आणि त्यांचे नाव त्या वर्तुळात उतरले. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. नाण्यांचे रहस्य उलगडणारी जी वृत्ती, तीच त्यांना येथे घेऊन आली. कोणत्या प्रश्नाशी थांबावे हे कुतूहल सांगत नाही.

मग निग्रहाची जागा कोणती? मला ती पुन्हा कर्व्यांतच दिसते, पण साताऱ्याच्या रस्त्यावर नव्हे. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवीत आणि संध्याकाळी सामानाचे ओझे घेऊन चिखलातून, काळोखातून हिंगण्याला चालत जात, सकाळी परत चालत येत. हे एकदोन दिवस नव्हे. तेथे वाट पाहणाऱ्या मुली होत्या. या चालण्याला कुतूहल पुरले नसते. पावसात माळावर काय आहे ते पहिल्या आठवड्यातच पाहून झाले असेल. दुसऱ्याचे ओझे डोक्यावर असले की निग्रह माणसाला उभा धरतो. स्वतःच्या उन्नतीसाठी स्वतःलाच चाबूक मारायचा म्हटले की हात लवकर दुखतो. हे माझे मत, शास्त्र नव्हे. पण पर्वतीच्या पायऱ्या पाहिल्या तर मत अगदीच निराधार वाटू नये.

१९६२ साल तिघांच्याही आयुष्यात आले ते कसे, पाहा. नोव्हेंबरमध्ये कर्वे वयाच्या एकशे पाचव्या वर्षी गेले. कापरेकर त्याच साली शाळेतून निवृत्त झाले. आणि कोसंबींची नोकरी सुटली त्याच वर्षी त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ प्रसिद्ध झाले, ज्यात तिठ्यावरच्या देवी आहेत, कार्ले आहे, पंढरपूर आहे. पुढे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न झाले. आता गाडी गाठायची नव्हती. टेकडीवरचे फिरणे चालू राहिले. २९ जून १९६६ रोजी राहत्या घरी ते झोपेतच गेले, अठ्ठावन्न वर्षांचे असताना. पुण्याच्या आसपासच्या वाटा, देव आणि दगडी पाती यांवरचा त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात १९६७ च्या फेब्रुवारीत आला. त्याच मासिकात आठ वर्षांनी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या अंकांची ओळख जगाला करून दिली. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पेन्शन पुरत नसे म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करीत असत.